आधी वाळू कोण खणणार

“उडी मारणाऱ्या पुष्कळ मिळतील. आधी वाळू कोण खणणार ते सांगा.” मी शाळेत असताना मैदानावर पहिल्यांदा गेले, त्या सकाळी एका शिंप्याने आम्हा मुलींना हे विचारलं होतं. मी हात वर केला, कारण बाकी कुणी केला नाही. त्यानंतर माझ्या आयुष्यात जे काही झालं ते त्या वर केलेल्या हातामुळे झालं, आणि आज मृत्युपत्र लिहायला बसले तर मनात पुन्हा तोच प्रश्न आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. वकीलबाई म्हणाल्या, सुरुवात कशीही करा, पण शुद्धीवर आहात हे लिहायला विसरू नका.

तर लिहिते. मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित. दुपारनंतर औषधाच्या दुकानात नोकरी आणि सकाळी मैदानावर मुलींना लांब उडी शिकवणं, हे माझे व्यवसाय. (ज्याचा पगार नाही त्याला व्यवसाय म्हणावं का, यावर वकीलबाई जरा अडल्या होत्या. मी म्हटलं, असू द्या.) हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळीज तेवढं नाही. त्यातली एक झडप नीट मिटत नाही आणि ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. पण कारण नसताना काळजी करणं हेच तर माझं सकाळचं काम. ज्या दिवशी वाळूत काच सापडत नाही त्या दिवशी मी जास्त वेळ शोधते. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर

माझं राहतं घर दोन खोल्यांचं आहे. पुढची खोली रस्त्याकडे, मागची खोली मोरीकडे, वर माळा. घर आईचं. तिच्या शेवटच्या आजारपणात मी जवळ होते, म्हणून जाताना तिने ते माझ्या एकटीच्या नावावर केलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा माझ्याबरोबर घर आवरायला लागला. सगळं आवरल्यावर बूट घालता घालता एवढंच म्हणाला, “चला, आता पाहुण्यासारखं यायचं.” आणि तेव्हापासून तो खरोखर तसाच येतो. आधी फोन करतो, हातात फळं असतात, आणि बस म्हटल्याशिवाय बसत नाही. या एका वाक्यावर मी त्याच्याशी मनातल्या मनात किती भांडले आहे! पण ज्या स्पर्धेला मला पहिल्यांदा जायचं होतं तिथं मला सायकलवर डबलसीट नेणारा तोच होता, आणि वाटेत चेन पडली तेव्हा काळ्या हातांनी घाम पुसून “घाबरू नकोस, पोचवतो” म्हणणाराही तोच. म्हणून मागची खोली, माळा, मोरी, आईचा आरसा आणि आईची शिसवी पेटी हे सगळं मी दादाला देते. पाहुण्यासारखं नाही, मालकासारखं.

पुढची खोली मात्र मी त्याला देत नाही. का, ते लिहिलं नाही तर तो मला मेल्यावरही बोलेल.

आमच्या मैदानावर मुलींना कपडे बदलायला जागा नाही. पत्र्याचा एक संडास आहे, त्याला कडी नाही. मैदान माझ्या घरासमोरच्या रस्त्यापलीकडे, त्यामुळे मी शिकवायला लागले तेव्हापासून मुली माझ्या पुढच्या खोलीत येतात, दप्तरं ठेवतात, बदलतात, मैदानावर जातात आणि परत येऊन शाळेचे कपडे घालून जातात. फावडं, कुदळ, दाताळं, मोजायची टेप, जुने बूट, सगळं तिथंच असतं. सकाळी दाराशी चपलांचा ढीग बघून दादा विचारतो, “आज कुणाचं लग्न?” वहिनी म्हणते, “वन्सं, तुमच्या पोरींनी आरशाचा पारा झिजवला पार.” चेष्टा आहे, मला कळतं. पण ही खोली नसती तर यातल्या निम्म्या मुली मैदानावर आल्याच नसत्या, हे त्या दोघांना कधी नीट कळलेलं नाही.

आमच्या गल्लीतले गॅरेजवाले आज या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. त्यांना माझ्या दारात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हातात पाना घेऊन उभे होते. माझी पोरगी अर्ध्या चड्डीत सगळ्या गल्लीसमोरून जाणार नाही, असं ते मोठ्याने सांगत होते. मी म्हटलं, नाहीच जाणार. पुऱ्या कपड्यांत या दाराने आत येईल आणि पुऱ्या कपड्यांतच घरी परतेल, मधे फक्त हा रस्ता ओलांडायचा. त्यांनी विचारलं, आणि मैदानावर कोण असतं? मी म्हटलं, मी असते. त्यानंतर ते बरेच दिवस मैदानाच्या भिंतीला टेकून उभे राहिले, खात्री करत. मग एक दिवस जवळ आले आणि म्हणाले, “ताई, ती उडी मारायची फळी हलतेय. कोण पडलं म्हणजे?” दुसऱ्या दिवशी ते हातोडी घेऊन आले. त्यांच्या मुलीने पुढे उडी सोडली, आता ती गाड्यांची इंजिनं उघडते. ते अजून येतात, आणि फळी अजून हललेली नाही.

इतक्या वर्षांत कोणत्याही आईने मला, माझी मुलगी किती लांब उडते, असं आधी विचारलेलं नाही. सगळ्या एकच विचारतात, “तुम्ही असता ना तिथं?” मी म्हणते, असते. माझ्या सगळ्या शिकवण्याचा पाया तेवढाच आहे. आता तेच उत्तर देता येत नाही म्हणून हा कागद.

आधी माझा बेत होता की सगळं घर दादाला द्यावं आणि अट घालावी: पुढची खोली रोज सकाळी मुलींना उघडी. वकीलबाई चष्मा काढून म्हणाल्या, “अट मी लिहून देते हो. पण रोज सकाळी तुमच्या दाराशी कोर्ट येऊन उभं राहणार नाही.” त्या रात्रीपासून मला झोप नाही. दादा वाईट नाही. पण दादाला झेरॉक्सचं दुकान दिसतं, रस्त्याकडची खोली आहे, भाडं चांगलं येईल. त्याचंही चुकत नाही. ज्याला वाळू खणावी लागत नाही त्याला ती सपाटच दिसते.

म्हणून पुढची खोली मी वेगळी काढली, टोळसाठी, म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीसाठी. गेल्या रविवारी दादा आणि वहिनी आले तेव्हा मी हे सांगितलं. दादा सफरचंद कापत होता. “एका घराचे दोन मालक? आणि दार कुणाचं?”

“दार पुढच्या खोलीला आहे.”

“म्हणजे मी माझ्या घरात तुझ्या त्या टोळाची परवानगी काढून शिरायचं?”

“मागे मोरीला दार आहे की.”

“मोरीतून? मी?” तो वहिनीकडे बघायला लागला. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिलाही वाटलं, आत्ता हसू नये, आणि ती पाणी आणायला उठली. दादा बराच वेळ सुरीने सफरचंदाच्या बिया काढत राहिला. शेवटी म्हणाला, “तू परत येणारच आहेस. कशाला हे सगळं आत्ता?” त्याचा आवाज सायकलची चेन पडली त्या दिवसासारखा होता. मी त्याला सांगितलं नाही, पण त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

बाजूच्या बोळाकडून मागच्या खोलीला वेगळं दार पाडून देण्याचं गॅरेजवाल्यांनी कबूल केलं आहे. दादाला मोरीतून यावं लागणार नाही.

कलम २. पुढची खोली

पुढची खोली मी टोळला देते. कोणतीही अट न घालता, पूर्णपणे, तिच्या मालकीची म्हणून.

कोर्टात टोळ नावाची व्यक्ती चालणार नाही, म्हणून तिचं कागदोपत्री नाव आणि पत्ता वकीलबाईंनी सोबतच्या पानावर घेतला आहे. पण ज्याने आम्हाला शिकवलं त्या शिंप्याची, आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, पद्धत अशी की मैदानावर खऱ्या नावाने हाक मारायची नाही. घरचं नाव घरी, मैदानाचं नाव मैदान देईल. मीही तीच पद्धत ठेवली. ही मुलगी आली तेव्हा तिचे पाय इतके लांब आणि बाकी अंग इतकं थोडं होतं की दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. मी शिकवलेल्या मुलींमध्ये सगळ्यांत लांब उडणारी ती. आज ती बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानात काउंटर सांभाळते आणि जिना चढताना कठडा धरते.

ते का, हेही लिहायला हवं. नाहीतर लोक म्हणतील बाईने परक्या पोरीला खोली का दिली.

मास्तरांचा नियम होता: उडी मारण्यापूर्वी प्रत्येकीने खड्ड्यापाशी जायचं आणि वाळूत कोपरापर्यंत हात घालायचा. कुणी खणली, केव्हा खणली, विचारायचं नाही. आपला हात काय सांगतो ते ऐकायचं. कारण वाळू वरून कशीही दिसू शकते. पाऊस पडून गेला, आठवडाभर कुणी फिरकलं नाही, की खाली तिचा दगड होतो. वरून दाताळं फिरवलं की मात्र ती केस विंचरल्यासारखी सुरेख दिसते. शिंपी माणूस, म्हणायचे, अस्तर बघितल्याशिवाय कोट घालू नये.

टोळची मोठी स्पर्धा होती तेव्हा मैदान मोठं होतं, पाहुणे मोठे होते, आणि आत जायचा पास फक्त मान्यताप्राप्त प्रशिक्षकांना होता. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. मास्तरांकडेही नव्हतं, त्यांच्याकडे शिलाई मशीन होतं. मी जाळीच्या बाहेर उभी राहिले. जाताना टोळने विचारलं, “ताई, तुम्ही असाल ना?” मी म्हटलं, असते, इथंच आहे.

तिथल्या वाळूवर पाहुण्यांसाठी छान रेघा ओढून ठेवल्या होत्या. टोळ खड्ड्यापाशी गेली, सवयीने वाकली. पलीकडे नवेकोरे ट्रॅकसूट घातलेल्या मुली बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, “काय गं, काही हरवलं का?” बाकीच्या हसल्या. मला ते शब्द तेव्हा ऐकू आले नाहीत, नंतर कळले; मला फक्त दिसलं की टोळचा हात वाळूला लागला, थांबला, आणि तिने तो झटकून कपड्याला पुसला. मी जाळी हलवून ओरडले. लाउडस्पीकरवर स्वागत चाललं होतं.

तिची धाव मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. फळीवर पाऊल असं पडलं की त्याहून चांगलं पडूच शकत नाही. ती हवेत होती तेव्हा लोक गप्प झाले. मग ती उतरली, आणि गुडघ्याचा आवाज जाळीपर्यंत आला. ती उडी कुणी मोजली नाही. सगळे तिच्याकडे धावले, आणि त्यांच्या पायांनी वाळूवरची खूणच पुसली गेली.

इस्पितळात ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होती. मी डोक्यावरून हात फिरवला तेव्हा म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणाला होता, मी असते.” तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर ती मैदानावर आलेली नाही.

आता कुणी विचारेल, मग खोली तिलाच का. तर मी मुलींचे बूट घ्यायला तिच्याच दुकानात जाते. ती माझ्याशी नंबराशिवाय काही बोलत नाही. आठ आहे, सात संपलाय, हा तंग होईल. पण मुलीला बूट घातल्यावर ती तिला दुकानातून चालत जायला लावते, तिच्या पावलांकडे बघत राहते, आणि मग अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघते. मागच्या खेपेला मी घुमीला घेऊन गेले होते. ही माझ्याकडची सगळ्यांत अबोल मुलगी, म्हणून घुमी. टोळने तिला दोनदा चालवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हिची डावी टाच दुखतेय. बोलत नाही का ही?”

घुमीने मान खाली घातली. खरंच दुखत होती. मला ते दिसलं नव्हतं. रोज सकाळी माझ्यासमोर ती पळत होती आणि मला ते दिसलं नव्हतं. काउंटरच्या मागून टोळला दिसलं. घरी येईपर्यंत मला एकीकडे भीती वाटत होती आणि एकीकडे इतका आनंद झाला होता की तो कुणाला सांगावा ते कळेना. शिकवणारी बाई कोण, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. दुसऱ्याच्या मुलीची टाच जिला आपल्या टाचेआधी दुखते ती.

मी तिला हे स्वतः विचारलेलं नाही. नकार ऐकून ऑपरेशनच्या टेबलावर जायची माझी तयारी नाही. गॅरेजवाल्यांना पाठवलं होतं, ताई आजारी आहेत, मुलींचं पुढे कोण बघणार असा नुसता विषय काढा म्हणून. ते परत आले आणि डोकं खाजवत म्हणाले, “ती म्हणाली, ताईंना सांगा, आठ नंबर आला की कळवते.”

टोळने ही खोली नाकारली तर कायद्याप्रमाणे ती दादाकडे जाईल. मग झेरॉक्सचं दुकान निघेल, आणि ते चांगलं चालेल.

कलम ३. अवजारं

फावडं, कुदळ आणि दाताळं, जो कुणी वाळू खणेल त्याचं. हक्क खणण्याने मिळेल, कागदाने नाही. दाताळ्याचा एक दात वाकडा आहे, तो सरळ करू नये. काच त्यालाच अडकते. कुदळीचा दांडा ढिला झाला तर पाण्यात भिजत ठेवावी. आधी खोल खणावं, मग उलथावं, मग हाताने चाचपावं, आणि दाताळं सगळ्यांत शेवटी. उलटं करू नये. उलटं केल्याने काय होतं ते वर लिहिलं आहे.

मोजायची टेप मास्तरांची आहे. कापडी, शिंप्याच्या टेपा टोकाला टोक शिवून केलेली. ओढून ओढून ती ताणली गेली आहे, त्यामुळे उडी असते त्यापेक्षा कमी भरते. हे आम्हाला माहीत नव्हतं. पहिल्या स्पर्धेत पोलादी टेपेवर माझी उडी माझ्या अपेक्षेपेक्षा लांब निघाली, तेव्हा मी पळत जाऊन मास्तरांना सांगितलं की यांची टेप चुकीची आहे. मास्तर सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, “वाढत्या अंगाचा कपडा शिवताना आत थोडं कापड दुमडून ठेवतात. ठाऊक आहे ना?” एवढंच. पुढे मला ती बदलावीशी वाटली नाही. ही टेप मी घुमीला देते. तिची पहिली स्पर्धा होईपर्यंत हे कलम तिला वाचून दाखवू नये.

कलम ४. ठेव

बँकेतल्या ठेवीतून इस्पितळाचं देणं भागल्यावर जे उरेल त्यातून आधी वाळू घ्यावी, मग बूट. वाळू नदीची, चाळलेली, बांधकामाची नको. वाळूवाला म्हणेल, ताई गेल्या, आता कशाला एवढं बघता, वाळूसारखी वाळू. त्याच्यासमोर ग्लासभर पाण्यात मूठभर वाळू टाकावी. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवावा. तो शिव्या देईल. देऊ द्याव्यात, तो मलाही द्यायचा.

कलम ५. मैदान समिती

समितीने मला एकदा मानचिन्ह दिलं होतं. त्यावर माझं आडनाव चुकलेलं आहे. ते समितीला परत. त्यासोबत संडासाची एक कडी आणि चार स्क्रू ठेवले आहेत. मी अर्ज करून थकले, आता वारसाहक्काने तरी घ्यावेत. समितीने माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. घ्यायचीच असेल तर सकाळी मैदानावर घेऊ नये, मुलींचा सराव बुडतो.

कलम ६. मुलींबद्दल

ही मालमत्ता नाही, असं वकीलबाईंनी दोनदा सांगितलं. तरी लिहिते, कारण हे दुसरीकडे कुठे लिहायला जागा नाही.

घुमीला दुखतंय का असं विचारू नये, नाही म्हणेल. चालायला लावावं. गोगलगाय धाव उशिरा सुरू करते, तिला हाका मारू नयेत, ती मनात काहीतरी जुळवत असते आणि जुळलं की निघते. तिसरी, जिला सगळ्या वाघीण म्हणतात, ती अलीकडे काही न खाता येते आणि विचारलं तर खाऊन आले म्हणते. तिच्या घरी काय चाललं आहे ते मी अजून शोधून काढलेलं नाही. माझ्या कपाटात बिस्किटं आहेत. सगळ्यांना एकदम द्यावीत, तिला एकटीला देऊ नयेत. एखादी मुलगी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जावं. उडीचा विषय काढू नये. सहज आले होते, म्हणावं.

यातली एखादी मोठी खेळाडू होईल का, मला माहीत नाही. बहुतेक नाही होणार. मास्तरांनी शिकवलेल्यांत कुणीच झालं नाही. एक बस चालवते, एक दाई आहे, एक मी. पण दाई मला एकदा म्हणाली होती की बाळ अडलं आणि खोलीतले सगळे घाबरले की ती आधी हात धुते, आणि हात धुताना तिला वाळूत हात घातल्याची आठवण होते. आधी खाली काय आहे ते बघायचं, मग घाबरायचं. हे मास्तरांच्या कानावर घालायचं राहून गेलं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या स्वतः कधी पळालेल्या नाहीत, हे त्यांनी मला हसत सांगितलं आहे. पण मागच्या आठवड्यात त्या आपल्या भाचीला घेऊन मैदानावर आल्या होत्या आणि उंच टाचांच्या चपला काढून वाळूत उभ्या राहिल्या.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि मला पटलं. सही करताना हात थरथरला आहे. तो झडपेमुळे आहे, दडपणामुळे नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. (सही) औषधाच्या दुकानाचे मालक. यांनी मला कधी सकाळची पाळी लावली नाही, आणि का, हेही कधी विचारलं नाही.
२. (सही) गॅरेजवाले. सहीवर ग्रीसचा डाग आहे. तो त्यांचाच आहे, ग्राह्य धरावा.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.
तारीख: वरच्या शिक्क्यात आहे ती. इस्पितळात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, मुली शाळेला गेल्यावर.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हे इथं लिहिते.

टोळ, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा पुढच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात असेल. ती नको म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि तू नको म्हणशील, हे मी धरून चालले आहे. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. गुडघा परत देता येत नाही, आणि खोली हा काही त्याचा मोबदला नव्हे.

फक्त नको म्हणण्याआधी एक सकाळ मैदानावर ये. मुलींच्या आधी. दाताळं दाराआड आहे, कुदळ त्याच्या मागे. तुझा गुडघा खणू देणार नाही. गॅरेजवाले खणतील, त्यांना खोल खणायला लाव, ते वरवर खणतात. मग कोपरापर्यंत हात तू घाल. शिकवू नकोस. बोलूही नकोस. त्या उड्या मारतील तेवढा वेळ खड्ड्यापाशी उभी राहा, तुझ्या स्पर्धेच्या दिवशी मला जिथं उभं राहू दिलं नाही तिथं. त्यांतली एखादी वळून बघेल, कुणी आहे का म्हणून.

तू नाहीच म्हणशील. तरी मागते: एक सकाळ, टोळ, तू तिथं अस.